केंद्रकातली प्रथिनं मास स्पेकवर मोजताना

हेला या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींवर टीएनएफ हे दाहाचा संदेश देणारं प्रथिन टाकलं की अर्ध्या तासाच्या आत पी६५ नावाचं प्रथिन पेशीद्रवातून केंद्रकात शिरतं. एरवी आयकप्पाबी हे दुसरं प्रथिन त्याला बाहेर धरून ठेवतं. टीएनएफचा संदेश आला की पेशी आयकप्पाबी मोडून टाकते आणि पी६५ मोकळं होतं. या अर्ध्या तासात पेशीतलं एकूण पी६५ जवळपास तेवढंच राहतं. म्हणजे अख्खी पेशी विरघळवून मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, म्हणजेच मास स्पेकवर) लावली, तर टीएनएफ दिलेला आणि न दिलेला नमुना पी६५ च्या बाबतीत सारखाच दिसणार. फरक जागेचा आहे, आणि जागा कळायची तर केंद्रक वेगळं काढूनच मोजायला हवं.

हा लेख पेशी वाढवता येतात, पिपेट हातात बसलंय, पण मास स्पेकचं काम पहिल्यांदाच अंगावर आलंय अशांसाठी आहे. उदाहरण शेवटपर्यंत हेलातल्या पी६५ चंच घेतो. तुमचं प्रथिन वेगळं असेल, पण पायऱ्या याच राहतील.

नवीन मुलामुलींना धास्ती असते ती यंत्राची. माझं मत उलटं आहे. यंत्र आणि सॉफ्टवेअर आता इतकं पुढे गेलंय की तिथे चूक व्हायला जागा कमी उरली आहे. निकाल बिघडतो तो दोन ठिकाणी: केंद्रकं काढताना बर्फावर, आणि शेवटी आकडा कशाने भागायचा हे न ठरवल्यामुळे. म्हणून या दोन गोष्टींवर मी जास्त लिहिणार आहे.

आधी छेद ठरवा

यंत्र तुम्हाला सिग्नलची तीव्रता देतं. 'केंद्रकात पी६५ किती' या प्रश्नाला मात्र छेद लागतो. दर मायक्रोग्रॅम प्रथिनामागे किती, की दर केंद्रकामागे किती? दोन्हींची उत्तरं वेगळी येतात.

समजा एका नमुन्यातली केंद्रकं स्वच्छ निघाली आणि दुसऱ्यात पेशीद्रव बरंच चिकटून आलं. दोन्हींतून सारखेच ५०० नॅनोग्रॅम पेप्टाइड (यंत्रासाठी प्रथिनांचे केलेले छोटे तुकडे) यंत्रावर घातले, तर दुसऱ्या नमुन्यात त्या ५०० पैकी बराच वाटा बाहेरच्या मालाने खाल्लेला असतो. त्यामुळे केंद्रकातली सगळीच प्रथिनं त्यात 'कमी' झालेली दिसतात. प्रत्यक्षात काहीच कमी झालेलं नसतं.

यावर उपाय आहे हिस्टोन, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं. पेशीत डीएनएचं जेवढं वजन, साधारण तेवढंच हिस्टोन प्रथिनांचं वजन. हिस्टोन डीएनएला घट्ट बांधलेले असतात आणि केंद्रक काढताना गळून जात नाहीत. विश्निएव्स्की, हाइन, कॉक्स आणि मान यांनी २०१४ मध्ये याच गोष्टीचा आधार घेऊन 'प्रोटिओमिक रूलर' ही पद्धत मांडली: हिस्टोनांचा एकूण सिग्नल म्हणजे डीएनएचं वजन धरायचं आणि बाकी प्रत्येक प्रथिन त्या पट्टीने मोजायचं. वेगळं मानक प्रथिन घालायला नको, पेशी अचूक मोजायला नकोत. त्यांनी ती अख्ख्या पेशीसाठी मांडली, पण केंद्रकाच्या कामाला ही पट्टी अगदी चपखल बसते. फक्त एक अट आहे, हिस्टोन नमुन्यात सगळेच्या सगळे उरले पाहिजेत. ही अट पुढे दोनदा आड येणार आहे.

पेशी किती घ्यायच्या

दर नमुन्यामागे ५० लाख ते १ कोटी हेला पेशी भरपूर झाल्या. ५० लाख केंद्रकांत नुसते हिस्टोनच ३० ते ५० मायक्रोग्रॅम निघतात आणि यंत्राला एका वेळी लागतं १ मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी. उरलेला माल वेस्टर्न ब्लॉटला (अँटिबॉडीने प्रथिन ओळखण्याच्या चाचणीला) आणि राखीव ठेवायला लागतो, तो ठेवाच.

प्रत्येक थाळीचे दोन भाग करायचे. एका भागातून केंद्रकं काढायची, दुसरा भाग तसाच, अख्ख्या पेशी म्हणून ठेवायचा. हा दुसरा भाग अनेक जण वेळ वाचवायला गाळतात. तो गाळू नका. हिशेबाच्या वेळी सगळी मदार त्याच्यावर आहे.

टीएनएफसारख्या वेळेच्या प्रयोगात पेशी ट्रिप्सिनने सोडवू नका. ट्रिप्सिन लावून ३७ अंशांवर पाच मिनिटं ठेवलं की तुमची ३० मिनिटांची वेळ ३५ वर गेली. माध्यम ओतून द्या, बर्फगार पीबीएस घाला, थाळी बर्फावर ठेवा आणि स्क्रेपरने पेशी खरवडून काढा. पीबीएसने दोनदा धुवा, नाहीतर माध्यमातल्या सीरमचं गाईचं अल्ब्युमिन थेट यंत्रापर्यंत येतं. थाळ्या जास्त असतील तर सगळ्यांवर एकदम टीएनएफ टाकू नका. दोन-दोन मिनिटांचं अंतर ठेवून टाका, म्हणजे त्याच अंतराने उतरवता येतील.

केंद्रकं काढणे

तत्त्व सोपं आहे. कमी क्षाराच्या बफरमध्ये पेशी पाणी शोषून फुगते, सौम्य डिटर्जंटने तिचं बाहेरचं आवरण फाटतं, आणि केंद्रक शाबूत राहतं. बफर साधारण असा: हेपेस १० मिलिमोलर, पीएच ७.९, मॅग्नेशियम क्लोराइड १.५ मिलिमोलर, पोटॅशियम क्लोराइड १० मिलिमोलर, डीटीटी ०.५ मिलिमोलर, आणि प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारी एन्झाइमं, रोखणारी गोळी. १९८३ साली डिग्नम आणि सहकाऱ्यांनी दिलेला हा बफर आजही थोड्याफार फरकाने सगळीकडे चालतो.

गोळी घेताना डबीवरचं लेबल वाचा. या गोळ्या ईडीटीए असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही मिळतात आणि तुम्हाला नसलेली हवी. केंद्रकातलं क्रोमॅटिन (डीएनए आणि हिस्टोन यांची गुंफण) घट्ट ठेवण्याचं काम मॅग्नेशियम करतं. ईडीटीएने ते ओढून घेतलं की केंद्रकं फुगतात, फुटतात आणि डीएनए बाहेर येऊन सगळं शेंबडासारखं चिकट होतं. 'माझी केंद्रकं गोळा होऊन चिकटतात' अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा गोळीची डबी बघायला मागतो.

पेशींच्या पेलेटच्या (सेंट्रिफ्यूजनंतर तळाशी बसलेल्या गोळ्याच्या) पाचपट बफर घाला, हलक्या हाताने मिसळा, बर्फावर १० मिनिटं ठेवा. मग आयगेपाल किंवा एनपी-४० हे डिटर्जंट घाला, शेवटचं प्रमाण ०.१ टक्का येईल इतकंच. एक-दोन मिनिटं थांबा आणि ५ मायक्रोलिटर काढून ट्रायपॅन ब्लूमध्ये मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. शाबूत पेशी रंग घेत नाही, चमकदार गोल दिसते. मोकळं केंद्रक निळं होतं, कडा स्वच्छ, आत केंद्रिकेचे (न्यूक्लिओलसचे) गडद ठिपके. निळ्या गोलाभोवती फाटक्या जाळीसारखं काही लोंबत असेल तर पेशीद्रव अजून चिकटलेलं आहे. डाउन्स होमोजिनायझरमध्ये घट्ट पेस्टलचे चार-पाच फटके द्या आणि पुन्हा बघा. दहातली नऊ निळी झाली की थांबा. शंभर टक्क्यांच्या मागे लागाल तर आधी सुटलेली केंद्रकं तोपर्यंत फुटलेली असतील.

आता ६०० जी वर ५ मिनिटं, ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज. नोंदवहीत वेग जी मध्येच लिहा, आरपीएम मध्ये नको. रोटर बदलला की आरपीएमला काही अर्थ राहत नाही. वरचं द्रव म्हणजे पेशीद्रव, ते वेगळ्या नळीत जपून ठेवा. खालचं पेलेट त्याच बफरने धुवा, पण या वेळी डिटर्जंट न घालता, आणि एकदा नव्हे, दोनदा.

हे दोनदा धुणं कशासाठी? एनपी-४० आणि ट्रायटन यांच्या रेणूला इथिलीन ऑक्साइडची लांब शेपटी असते. त्यांचा अंश जरी मागे राहिला तरी स्पेक्ट्रममध्ये ४४.०२६ डाल्टनच्या अंतरावर एकामागून एक उंच शिखरांची रांग उभी राहते आणि तिच्याखाली तुमचे पेप्टाइड दिसेनासे होतात. यंत्राआधी पेप्टाइड वेगळे करणाऱ्या कॉलममधूनही ते सहज निघत नाही, म्हणजे तुमच्यानंतर रांगेत असलेल्याचाही नमुना जातो. ज्यांना हा धोका मुळातच नको त्यांनी डिजिटोनिन वापरावं. ते पेशीच्या बाहेरच्या आवरणातल्या कोलेस्टेरॉलला धरतं आणि केंद्रकाच्या आवरणाला फारसं छेडत नाही. महाग आहे, आणि दर खेपेच्या बाटलीचं प्रमाण आधी तपासून ठरवावं लागतं, पण यंत्राला त्रास नाही.

स्वच्छता आणखी वाढवायची तर पेलेट ०.२५ मोलर सुक्रोजमध्ये मिसळून ०.३५ मोलर सुक्रोजच्या थरावर हलकेच सोडा आणि १,४३० जी वर ५ मिनिटं फिरवा. केंद्रकं थरातून खाली जातात, हलका कचरा वरच अडकतो.

पण इथे एक ओढाताण आहे आणि ती तुम्हालाच सोडवायची आहे. केंद्रकाच्या आवरणाला छिद्रं असतात आणि साधारण ४० किलोडाल्टनपेक्षा लहान प्रथिनं त्यांतून आपोआप ये-जा करतात. तुम्ही जितका वेळ धुताय तितका वेळ ही लहान प्रथिनं, आणि क्रोमॅटिनला न बांधलेली काही मोठीही, बाहेर झिरपताहेत. जास्त स्वच्छ केंद्रक म्हणजे जास्त गळालेलं केंद्रक. पी६५ सुमारे ६० किलोडाल्टनचं असून टीएनएफनंतर काही अंशी डीएनएला बांधलेलं असतं, त्यामुळे दोन धुण्यांत ते टिकतं. तुमचं प्रथिन २० किलोडाल्टनचं आणि सुटं फिरणारं असेल तर सुक्रोज वगैरे विसरा, ०.१ टक्का एनपी-४० मध्ये पिपेटने वरखाली करून दोन मिनिटांत काम उरकणारी झटपट पद्धत घ्या, थोडी घाण सहन करा आणि ती हिशेबात वजा करा.

वेस्टर्न ब्लॉट आधी, यंत्र नंतर

यंत्राचा वेळ महाग असतो, ब्लॉट स्वस्त. अख्खी पेशी, पेशीद्रव आणि केंद्रक असे तीन पट्टे लावा, आणि प्रत्येकात सारख्या पेशींचा माल घाला, सारखे मायक्रोग्रॅम नकोत. लॅमिन आणि हिस्टोन एच३ केंद्रकाच्या पट्ट्यात दिसायला हवेत; ट्यूब्युलिन पेशीद्रवात; व्हीडीएसी ही मायटोकॉन्ड्रियाची खूण केंद्रकात जवळजवळ नसावी.

कॅल्नेक्सिन ही एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमची खूण मात्र थोडी दिसणारच. केंद्रकाचं बाहेरचं पटल आणि एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम हे एकच सलग पटल आहे, त्यामुळे ते पूर्ण तोडता येत नाही. त्यावरून नमुना फेकू नका. तसंच जीएपीडीएच ही पेशीद्रवाची खूण म्हणून वापरू नका; ते केंद्रकातही असतं.

अख्खं केंद्रक विरघळवा

'न्यूक्लिअर एक्स्ट्रॅक्ट' नावाची जी पद्धत जुन्या प्रोटोकॉलमध्ये दिसते, तीत केंद्रकं ४२० मिलिमोलर मीठ घातलेल्या बफरमध्ये ढवळतात आणि वरचं द्रव घेतात. जेल शिफ्टसारख्या, प्रथिन डीएनएला बांधतं का ते बघणाऱ्या प्रयोगांना ते छान आहे. मोजणीला नाही, कारण हिस्टोन आणि क्रोमॅटिनला घट्ट धरून बसलेली प्रथिनं खाली पेलेटमध्येच राहतात. हिस्टोन गेले म्हणजे आपली पट्टी गेली. इथे ती अट पहिल्यांदा आड येते.

म्हणून सरळ २ ते ४ टक्के एसडीएस हे जोरदार डिटर्जंट, १०० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८.५, आणि ९५ अंशांवर १० मिनिटं. द्रव घट्ट होईल, कारण लांबलचक डीएनए सुटा झाला आहे. तो सोनिकेटरने तोडा. टोक वर उचलल्यावर तार न येता थेंब सुटा पडला की पुरे. बेन्झोनेझ एन्झाइम वापरायचं असेल तर एसडीएस घालायच्या आधी, मॅग्नेशियम असलेल्या बफरमध्ये. इतक्या एसडीएसमध्ये ते मरतं. अख्ख्या पेशींचा राखीव भागही याच पद्धतीने, याच दिवशी विरघळवा.

प्रथिनाचं मोजमाप बीसीए या रंगावरून प्रथिन मोजणाऱ्या पद्धतीने करा आणि डीटीटी घालायच्या आधी करा, कारण डीटीटी त्या रंगाची अभिक्रिया बिघडवतं. नॅनोड्रॉपवर २८० नॅनोमीटरला वाचू नका. केंद्रकाच्या नमुन्यात डीएनए इतका असतो की तो आकडा प्रथिनाचा राहतच नाही.

पेप्टाइड बनवणे

ही पायरी प्रत्येक सुविधेत तयार प्रोटोकॉलने होते, त्यामुळे थोडक्यात. डीटीटी किंवा टीसेपने डायसल्फाइड बंध तोडा, क्लोरोअ‍ॅसिटामाइडने सिस्टीन झाका. आयोडोअ‍ॅसिटामाइडही चालतं, पण ते जास्त झालं तर लायसिनवर दोनदा चिकटतं आणि ११४.०४२९ डाल्टनची भर घालतं. युबिक्विटिन (इतर प्रथिनांना जोडलं जाणारं छोटं प्रथिन) याची ट्रिप्सिननंतर उरणारी खूणही नेमकी तेवढ्याच वजनाची आणि त्याच अणूंची असते. हिस्टोन एच२ए आणि एच२बी यांवर खरं युबिक्विटिन असतं, तेव्हा केंद्रकाच्या कामात हा घोटाळा मुळातूनच टाळलेला बरा.

एसडीएस काढायला एसपी३ घ्या: चुंबकीय मणी, निम्म्याहून जास्त इथेनॉल, प्रथिनं मण्यांवर बसतात, ८० टक्के इथेनॉलने तीनदा धुतलं की एसडीएस गेलं. उरलासुरला एनपी-४० सुद्धा इथेच धुऊन जायला मदत होते. डीएनए नीट तुटला नसेल तर मण्यांचा गोळा होतो. तसं झालं तर मागे जाऊन पुन्हा सोनिकेट करा. मग ५० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेटमध्ये ५० भाग प्रथिनाला १ भाग ट्रिप्सिन, सोबत लायसी हे दुसरं कापणारं एन्झाइम, रात्रभर ३७ अंशांवर.

ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिनच्या पुढे कापतं. हिस्टोनांच्या शेपट्यांत ही दोन अमिनो आम्लं खच्चून भरलेली, त्यामुळे शेपट्यांचे इतके बारीक तुकडे होतात की ते कॉलमवर थांबतच नाहीत. आपल्या हिशेबाला त्याने अडत नाही, कारण गाभ्याकडचे पेप्टाइड पुरेसे मिळतात. हिस्टोनांवरच्या मिथाइल-अ‍ॅसिटाइल खुणा मोजायच्या असतील तर मात्र प्रोपिओनिक अ‍ॅनहायड्राइडने लायसिन झाकून मग कापावं लागतं. ते वेगळं काम आहे, या नमुन्यातून ते काढायचा मोह नको.

शेवटी ०.१ टक्का फॉर्मिक आम्लात आणून, सी१८ च्या छोट्या कॉलमवर क्षार काढून, वाळवून ठेवा. या सगळ्या काळात हातमोजे घाला, लोकरीचा स्वेटर अंगावर नको, नळ्यांची झाकणं उघडी नकोत. त्वचेचं आणि लोकरीचं केराटिन प्रत्येक यादीत डोकावतं.

यंत्रावर लावताना

७५ मायक्रोमीटर आतल्या व्यासाचा कॉलम, मिनिटाला ३०० नॅनोलिटरच्या आसपास प्रवाह, तासाभराचा अ‍ॅसिटोनायट्राइलचा चढ, ५०० नॅनोग्रॅम माल. यंत्र ऑर्बिट्रॅप जातीचं असो की टिम्सटॉफ, हे सुविधेतले लोक ठरवतील. तुम्ही दोन गोष्टी मागून घ्यायच्या.

पहिली, डीआयए पद्धत. जुन्या डीडीए पद्धतीत यंत्र त्या क्षणाचे सगळ्यात उंच पेप्टाइड निवडून तोडतं. केंद्रकाच्या नमुन्यात हिस्टोन आणि आरएनएला बांधणारी भरमसाट प्रथिनं ही रांग अडवून बसतात आणि पी६५ सारखं कमी प्रमाणातलं प्रथिन एका नमुन्यात सापडतं, दुसऱ्यात सुटतं. डीआयए ठरावीक वस्तुमानाच्या खिडक्यांतलं सगळंच तोडतं, त्यामुळे रिकाम्या जागा खूप कमी राहतात.

दुसरी, नमुन्यांचा क्रम. आधी सगळे कंट्रोल आणि मग सगळे टीएनएफवाले असं कधीही लावू देऊ नका. दिवसभरात कॉलम आणि सुई मळत जाते, सिग्नल उतरतो, आणि तो उतार तुमच्या प्रयोगाचा परिणाम म्हणून छापला जातो. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा. मध्ये मध्ये तयार हेला पेप्टाइडचा एकच नमुना लावत राहा, म्हणजे यंत्र कधी बिघडलं ते कळेल.

जैविक पुनरावृत्ती किमान चार हव्यात, आणि त्या वेगवेगळ्या दिवशी वाढवून वेगवेगळ्या काढलेल्या पेशींच्या. एकच नळी तीनदा टोचली तर यंत्राची स्थिरता कळते, पेशींबद्दल नवीन काही कळत नाही.

आकड्यांचा हिशेब

सॉफ्टवेअर म्हणून डीआयए-एनएन शैक्षणिक संशोधनासाठी मोफत आहे आणि नवख्याला झेपतं. यूनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीसंग्रहातला तपासलेल्या मानवी प्रथिनांचा संच द्या, सोबत केराटिन, ट्रिप्सिन आणि गाईचं अल्ब्युमिन असलेली भेसळीची यादी द्या, चुकीच्या ओळखीचं प्रमाण १ टक्क्यावर ठेवा.

आता नॉर्मलायझेशन. इथे ती अट दुसऱ्यांदा आड येते. ही सॉफ्टवेअर बहुतेक प्रथिनं सगळ्या नमुन्यांत सारखीच आहेत असं गृहीत धरून आकडे एकमेकांना जुळवून घेतात. केंद्रक आणि अख्खी पेशी एकत्र टाकून हे केलं तर गृहीतकच कोसळतं आणि हिस्टोनांची खरी पातळीही त्या जुळवणीत सरकते. केंद्रकाचे नमुने वेगळे चालवा, अख्ख्या पेशींचे वेगळे, नॉर्मलायझेशन बंद ठेवा आणि छेद स्वतः लावा: प्रत्येक नमुन्यातल्या सगळ्या हिस्टोनांच्या सिग्नलची बेरीज.

हिशेब असा. पुढचे आकडे फक्त रीत दाखवण्यापुरते घेतले आहेत. द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) मानवी पेशीत सुमारे ६.५ पिकोग्रॅम डीएनए असतो. हेला द्विगुणित नाही, तिच्यात गुणसूत्रांचे साधारण तीन संच आहेत, म्हणून तो आकडा दीडपट करून ९.७५ पिकोग्रॅम धरू. समजा पी६५ चा सिग्नल हिस्टोनांच्या बेरजेच्या ५,००० वा भाग आला. मग दर केंद्रकात पी६५ चं वजन ९.७५ भागिले ५,०००, म्हणजे १.९५ फेम्टोग्रॅम. त्याला अ‍ॅव्होगाड्रो संख्येने गुणा, ६०,२०० या रेणुभाराने भागा: दर केंद्रकात सुमारे १९,५०० रेणू.

हा आकडा निम्मा किंवा दुप्पट असू शकतो, असं समजूनच लिहा. काही पेशी डीएनए दुप्पट करण्याच्या मध्यावर असतात, आणि प्रत्येक प्रथिनाचे पेप्टाइड सारख्या जोमाने उडत नाहीत. पण टीएनएफ आणि कंट्रोल यांच्या तुलनेत या दोन्ही चुका वर आणि खाली सारख्याच असतात आणि छेद जातात. अर्ध्या तासात डीएनए आणि हिस्टोन बदलत नाहीत. त्यामुळे 'तिप्पट वाढलं' हे विधान '१९,५०० रेणू आहेत' या विधानापेक्षा कितीतरी भक्कम असतं.

आता राखून ठेवलेल्या अख्ख्या पेशी बाहेर काढा. प्रत्येक प्रथिनासाठी केंद्रकातलं हिस्टोनांशी गुणोत्तर घ्या आणि त्याला अख्ख्या पेशीतल्या हिस्टोनांशी असलेल्या गुणोत्तराने भागा. मिळतो तो त्या प्रथिनाचा पेशीतला किती हिस्सा तुमच्या केंद्रकाच्या नळीत आला याचा आकडा. लॅमिनला तो १ च्या जवळ यायला हवा. ०.५ आला तर नमुना नीट विरघळलेला नाही किंवा हिस्टोनांचा हिशेब चुकलाय. पुढे जाऊ नका. ट्यूब्युलिनला ०.१ आला तर बाहेरच्या मालाचा दहावा हिस्सा सोबत आला आहे असं समजा. अशा वेळी कंट्रोलमध्ये पी६५ ला ०.१२ मिळालं, तर ते जवळजवळ सगळं पेशीद्रवाचं आहे. त्यावरून 'विश्रांतीतही पी६५ केंद्रकात असतं' असं वाक्य लिहिता येणार नाही. टीएनएफनंतर तोच आकडा ०.५ झाला आणि ट्यूब्युलिन ०.१ वरच राहिलं, तर मात्र निर्धास्त लिहा.

मला या कामात सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा तक्ता. हजारो प्रथिनं एका रांगेत, कोणाचा किती हिस्सा आत, कोणाचा बाहेर, आणि स्वच्छतेचा दाखला त्याच तक्त्यात. रायबोसोमची प्रथिनं मध्येच कुठेतरी दिसली तर ती घाण म्हणून काढून टाकू नका; रायबोसोम केंद्रिकेतच जुळवले जातात, ती दोन्हीकडे असणारच.

एखाद्या नमुन्यात प्रथिन सापडलंच नाही तर तिथे शून्य भरू नका. सापडलं नाही याचा अर्थ यंत्राच्या मर्यादेखाली राहिलं, एवढाच. सॉफ्टवेअर अशा जागी अंदाजाने आकडे भरून द्यायला तयार असतं, आणि त्या भरलेल्या आकड्यांवरच सगळा निष्कर्ष उभा राहत असेल तर तो मान्य करू नका. अशा मोजक्या प्रथिनांसाठी पीआरएम करा: त्याच क्रमाचे, पण शेवटच्या लायसिनवर ८.०१४ किंवा आर्जिनिनवर १०.००८ डाल्टन जड असलेले पेप्टाइड विकत घ्या, ठरावीक प्रमाणात नमुन्यात घाला, आणि यंत्राला फक्त तीच जोडी बघायला सांगा. पी६५ साठी शेवटी मी हेच सुचवतो.

नमुना कुठे आणि कसा द्यायचा

महाराष्ट्रात आयआयटी मुंबई, खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, पुण्यातलं एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) इथे मास स्पेकवर प्रथिनांचं काम चालतं. देशभरातली सार्वजनिक यंत्रं आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतात. दर आणि रांग जागोजागी वेगळी, त्यामुळे नमुना तयार करायच्या आधीच बोलणी करा, नंतर नाही.

पेप्टाइड वाळवून, ड्राय आइसवर पाठवा. पावसाळ्यात नळीची झाकणं पॅराफिल्मने बांधा आणि नळीवर पेनाने लिहिलेलं पुसलं जाणार नाही याची खात्री करा. सोबतच्या कागदावर लिहायचं ते असं: प्राणी कोणता, पेशींचा प्रकार, कोणकोणते डिटर्जंट कुठल्या पायरीला वापरले आणि किती वेळा धुतलं, ट्रिप्सिनशिवाय काही घातलं का, बीसीएचा आकडा, आणि लावायचा क्रम. डिटर्जंटबद्दल काहीही लपवू नका. ऑपरेटरला आधी कळलं तर तो एक छोटा नमुना लावून ४४ ची रांग दिसते का हे पाच मिनिटांत बघून सांगतो.

कच्च्या फाइली मिळाल्या की दोन ठिकाणी साठवा. शोधनिबंध पाठवताना त्या प्राइड या मास स्पेकच्या डेटाच्या सार्वजनिक संग्रहात ठेवाव्या लागतील. उरलेली केंद्रकं एसडीएसमध्ये विरघळवलेल्या अवस्थेत, छोट्या छोट्या भागांत, उणे ८० अंशांवर ठेवा. परीक्षक एखाद्या नवीन खुणेचा ब्लॉट मागतात तेव्हा त्याच दिवशीचा माल लागतो.